चौथा ठसा

तोकुबेई साकामाकींना जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि म्हणून आज त्यांचं तेरावं वर्षश्राद्ध होतं. गेलेल्या माणसाची वर्षं मोजताना गेल्याचा दिवसच पहिला धरतात, त्यामुळे तो कायम एकाने पुढे असतो. तोकुबेईंना हे आवडलं असतं. जिवंतपणीसुद्धा ते कुणाच्या मोजमापात बसले नव्हते.

फेब्रुवारीतली सकाळ होती. छपाईच्या खोलीत शेगडीभोवती चार आसनं मांडली होती. तीन आसनांवर तोकुबेईंची तीन मुलं बसली होती आणि प्रत्येकापुढे एकेक लाकडी ठसा होता. चौथं आसन थोरल्या सुनेचं, शिगेचं. त्याच्यापुढे चहाचा ट्रे होता.

"अगं, चहा पुरे," तिचा नवरा गेन्साकु म्हणाला. "तिसऱ्यांदा आणलास. तुझा ठसा आण आता."

"आणते हो. जरा गरम पाणी घालते किटलीत."

"किटली भरलेली आहे."

"मग कोळसे घालते."

गेन्साकुने शेगडीकडे पाहिलं. तीत आणखी एक कोळसा टाकला असता तर घर पेटलं असतं. शिगे तरीही चिमटा घेऊन कोळसे इकडचे तिकडे करत राहिली. पाच दिवस ती हेच करत होती. म्हणजे कोळसे नव्हे, टाळाटाळ.

पाच दिवसांपूर्वी म्योगेन्जीच्या दोएन गुरुजींचा निरोप आला होता. देवळाच्या पागोड्याचं छप्पर नवं झालं होतं. एप्रिलमध्ये सोहळा होता आणि दोनशे देणगीदारांना आठवण म्हणून देवळाचं चित्र द्यायचं होतं. म्योगेन्जीची चित्रं तीन पिढ्या या घरातून छापून जात होती. पण तोकुबेई गेले आणि त्यांचं सगळ्यात गाजलेलं चित्र, 'म्योगेन्जीचा बर्फ', पुन्हा कधी छापलं गेलं नाही. ते का, हे गुरुजींना ठाऊक होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. म्हणून त्यांनी साफ सांगितलं होतं: श्राद्धाच्या दिवशी दुपारी मी सूत्रपठणाला येईन तेव्हा चारही ठसे एकत्र आलेले असले आणि एक धड प्रत माझ्या हातात पडली, तर दोनशे चित्रं तुमची. नाहीतर तुमच्या शुम्पेईने दाखवली तशी फोटोची रंगीत कार्डं करून घेईन. यापुढची चित्रंही मग तिकडूनच.

शुम्पेई धाकटा. ओसाकाला एका मोठ्या दुकानाच्या जाहिरात खात्यात होता, विलायती हॅट घालायचा आणि 'आमच्याकडे' म्हणताना त्याचा अर्थ ओसाका असा असायचा. नमुना म्हणून त्याने देवळाचा एक भलामोठा फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून आणला होता आणि तो भिंतीला असा टेकवून ठेवला होता, की चहाचा कप उचलला की फोटो दिसावा.

"मी काही आग्रह करत नाही," तो म्हणाला. "मी फक्त तो तिथे ठेवलाय."

"पालथा ठेव," त्याची थोरली बहीण फुसा म्हणाली. "आबा बघतायत."

आबांची तसबीर खरोखरच समोर होती. शुम्पेईने फोटो पालथा केला.

हे सगळं तोकुबेईंच्या मृत्युपत्रामुळे झालं होतं. बर्फाच्या चित्राला इतर लोक बारा-चौदा ठसे वापरत. तोकुबेई चारात भागवत: रेषांचा, लाल, निळा आणि राखाडी. बर्फाला ठसाच नसे. बर्फ छापायचा नसतो, सोडायचा असतो. कागद कोरा राहिला की तोच बर्फ. हे चार ठसे त्यांनी चौघांत वाटले, म्हणजे पोरं निदान चित्र छापायला तरी एकत्र येतील. पत्रातला मजकूर सगळ्यांना पाठ होता. 'रेषा गेन्साकुला, कारण त्याला आखल्याशिवाय चालता येत नाही. लाल फुसाला, कारण सांगायला नको. निळा शुम्पेईला, तो नाहीतरी आकाशातच असतो. राखाडी थोरल्या सुनेला. त्याचं काय करायचं ते शिगेला कळेल.'

बारा वर्षांत पोरं एकत्र आली ती फक्त त्या मजकुरावर भांडायला.

शिगे मात्र भांडली नव्हती. तिने राखाडी ठसा स्वयंपाकघरात नेऊन उजेडात धरला होता. खालच्या कडेला दोन-चार छपरांच्या सावल्या कोरलेल्या, बाकी वर नुसती सपाट फळी. ती होती आभाळासाठी. वीस वर्षं तिने सासऱ्यांचे ब्रश धुतले, रंगात घालायची भाताची खळ शिजवली, त्यांच्या खोकल्यासाठी आलं किसलं, आणि त्यांनी तिला दिली फळी. 'याचं काय लोणचं घालू?' असं ती स्वयंपाकघरात स्वतःशीच म्हणाली होती.

आणि त्याच हिवाळ्यात मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावरचा दगड हलायला लागला.

"वहिनी," फुसा उठत म्हणाली, "चला, मी येते शोधायला. कुठे ठेवलायत?"

"आहे हो. मागे आहे."

"मागे म्हणजे कपाटाच्या मागे?"

"त्याच्याही मागे."

त्याच्याही मागे पडवी होती. पडवीत पिंप होतं. पिंपावर झाकण, झाकणावर फळी आणि फळीवर डोक्याएवढा गुळगुळीत दगड. शिगे पिंपाशी जाऊन थांबली आणि तिने हात पुढे बांधले. फुसाने पिंपाकडे पाहिलं. मग शिगेकडे पाहिलं. मग खाली वाकून फळीच्या कडेला कोरलेली छपरांची ओळ पाहिली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. याच रंगासाठी बापाने तिला लाल ठसा दिला होता.

"बारा वर्षं?" तिने विचारलं.

"मध्ये मध्ये काढून पुसायची मी."

"वहिनी!"

"वन्सं, ओरडा, पण हळू ओरडा. हे ऐकतील."

फुसाने पडवीचं दार लावून घेतलं.

"माझ्या ठशावर," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "ह्यांनी सहा वर्षं तोफू कापलाय. मागच्या बाजूने. मला कळलं तेव्हा मी तीन दिवस बोलले नाही त्यांच्याशी."

"मग?"

"मग काय, सपाट आहे, बरा कापला जातो म्हणाले. मलाही पटलं."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. पस्तीस वर्षांत नणंद-भावजयीत असा क्षण आला नव्हता. मग दोघींनी मिळून दगड उतरवला.

ठसा फुगला होता. लोणच्यातल्या तांदळाच्या कोंड्याने आणि मिठाने पिवळा पडला होता. त्याचा वास माणसाच्या आधी खोलीत शिरला.

गेन्साकुने नाक वर केलं. "जेवण तयार आहे का?"

शिगेने ठसा चौथ्या आसनापुढे ठेवला आणि नमस्कारासाठी वाकली तशी वाकून राहिली. त्या अवस्थेत नवऱ्याचा चेहरा दिसत नाही, हा या नमस्काराचा मोठा फायदा आहे.

"हे काय आहे?" गेन्साकु म्हणाला.

"राखाडी."

"हे पिवळं आहे!"

"वरून."

गेन्साकुने ठसा हुंगला. त्याचा स्वतःचा ठसा बारा वर्षं देवघरात होता. रोज सकाळ-संध्याकाळ उदबत्ती खाऊन त्याच्या रेषा काजळीने बुजल्या होत्या आणि त्या सुईने कोरून काढण्यात त्याचे दोन दिवस गेले होते. पण ती काजळी भक्तीची होती.

"आबांचा ठसा," तो म्हणाला, "तू लोणच्यात घातलास."

"लोणच्यात नाही हो. लोणच्यावर."

"बारा वर्षं मी ते लोणचं खाल्लं!"

"मागून मागून खाल्लंस," फुसा म्हणाली. "गेल्या वर्षी तूच म्हणालास दादा, हल्ली मुळ्याला काहीतरी वेगळीच चव आलीय."

"तू मध्ये बोलू नकोस. तू कुणाच्या बाजूची?"

"आत्तापर्यंत तुझ्या होते."

शुम्पेईने हळूच हात लांब करून पालथा ठेवलेला फोटो सुलटा केला.

"दादा, वहिनींना बोलून काय उपयोग?" तो मायेने म्हणाला. शुम्पेईच्या आवाजात माया आली की तो काहीतरी विकत असे. "ठसा गेला. वाईट झालं. आमच्याकडे फोटोला ना फुगणं, ना वास. गुरुजी येतील, मी समजावतो. घराचं नाव राहील. खाली छापू आपण, 'साकामाकी बंधू' म्हणून."

"बहीण नाही?" फुसाने विचारलं.

"लहान अक्षरात."

बंधूंमधल्या थोरल्याचे डोळे फोटोकडे गेले. शिगेने ते जाताना पाहिले. नवऱ्याचं ओरडणं तिला परवडत होतं, त्याचं पटणं परवडत नव्हतं. त्याला पटलं, की यापुढे या गल्लीत, देवळात, फुसाच्या सासरी, पुढच्या पिढ्यांत एकच गोष्ट सांगितली जाणार होती: साकामाकींचं चित्र तीन पिढ्या चाललं आणि थोरल्या सुनेने ते मुळ्यांपायी बुडवलं.

"एकदा छापून तर बघा," ती म्हणाली.

"कसं छापू? फुगलाय. तांदळाच्या दाण्याभराने मोठा झालाय. खुणेच्या खाचेत कागद बसवला तरी आभाळ देवळावर चढेल."

"मग कागदही फुगव," फुसा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. फुसा लहानपणी बापाच्या हाताखाली कागद ओलवायची. मुलगी म्हणून तिला ठशाला हात लावू दिला नव्हता. कागद ओलवायला मुलगी चालते.

"आधी आपले तिन्ही छापून घ्या नेहमीच्या ओलीवर. मग मी तोच कागद आणखी ओला करते. कागद ताणला जातो, लाकूड फुगलंय तेवढाच. राखाडी शेवटी मारा. वाळला की सगळं आपापल्या जागी येतं. आबा पावसाळ्यात हेच करायचे. तुला कधी सांगितलं नाही त्यांनी?"

"नाही," गेन्साकु म्हणाला. हे त्याला लोणच्यापेक्षा जास्त लागलं.

पण तो शेवटी छापणारा माणूस होता. बारा वर्षं न छापलेलं चित्र आणि ओला कागद समोर असताना त्याला फार काळ रागावता येईना. त्याने बाह्या बांधल्या. रेषा उमटल्या: पायऱ्या, दरवाजा, पाच मजल्यांचा पागोडा, छत्री घेतलेला एक भिक्षू. मग फुसाचा लाल, खांबाखांबावर. लालाच्या कडेला सुरीच्या टोकाएवढी एक बारीक पांढरी रेघ राहिली. "ही कसली?" गेन्साकुने विचारलं. "जुनाट आहे," फुसा म्हणाली आणि शिगे खोकली. मग शुम्पेईचा निळा. हॅट काढून शुम्पेईने स्वतः रंग लावला, आणि लावताना त्याची जीभ दातात आली, ती बापासारखीच.

राखाडीची पाळी आली. फुसाने कागद दोन वेळा ओल्या फडक्यातून काढला. शिगेने ठसा धुतला, पुसला, आणि आज पहिल्यांदाच तिनेच त्यावर रंग लावला; ठसा तिचा होता. गेन्साकुने कागद खाचेत बसवला, बांबूच्या सालीची गोल घासणी घेतली आणि कागदाच्या पाठीवर जोर देऊन फिरवली. मग कोपरा धरून कागद उचलला.

आभाळ देवळावर चढलं नव्हतं. सावली छपराखाली होती, जिथे सावलीने असायला हवं तिथे.

आणि पागोड्याच्या वर, डाव्या हाताला, राखाडी आभाळात एक पांढरा गोल होता. अगदी पांढरा नाही; मध्ये फिका, कडेला धुरकट.

"हे कुठून आलं?" गेन्साकु म्हणाला.

शिगेला कळलं होतं. ठशाच्या कोरीव भागावर दगड डुगडुगत असे, म्हणून ती तो नेहमी वरच्या सपाट भागावर ठेवी, उजव्या कोपऱ्यात. बारा हिवाळे ओल्या लाकडावर दगड बसला होता आणि लाकूड दबलं होतं. दबलेल्या जागी रंग पोचत नाही. ठशावर उजवीकडे, म्हणजे कागदावर डावीकडे.

"चंद्र आहे," शुम्पेई म्हणाला. त्याच्या आवाजात माया नव्हती.

"चंद्र नाही, खड्डा आहे," गेन्साकु म्हणाला. "शिगे, गरम पाण्याचं फडकं दे. दबलेलं लाकूड वाफेने वर येतं. घटकाभरात सपाट होईल."

"दादा, हात लावू नकोस."

"तू फोटोवाला ना?"

"फोटोवालाच सांगतोय. असला चंद्र मला फोटोसाठी सात वेळा देवळाची टेकडी चढून मिळाला नाही. नीट बघ तरी!"

"बघायचं काय? आबा काय म्हणायचे? बर्फ पडताना चंद्र दिसत नाही, मी खोटं छापत नाही. दोएन गुरुजी तीस वर्षं चंद्र मागत होते. तीस वर्षं आबांनी नाही म्हटलं. आणि तेराव्या वर्षाला मी त्यांना चंद्र देऊ? लोणच्याचा?"

"राहू दे की दादा," फुसा म्हणाली.

"नाही."

"फार सुंदर आलाय."

"म्हणून तर नाही!" गेन्साकु ओरडला. त्याला तो सुंदर दिसला होता, आणि बापाला न जमलेली गोष्ट बायकोच्या दगडाला जमावी हे कुठे ठेवावं ते त्याला समजत नव्हतं.

शिगेने फडकं गरम पाण्यात बुडवलं, पिळलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. तिला दुसरं काय करता येणार होतं? फडक्यातून वाफ निघत होती. गेन्साकुने ते ठशावर धरलं, खाली नेलं, आणि दार सरकलं.

"श्राद्धाच्या तोफूचा वास आला म्हणून लवकर आलो," दोएन गुरुजी खांद्यावरचा बर्फ झटकत म्हणाले. मग थांबले. "नाही. तोफूचा नाही."

सगळे वाकले. गेन्साकु फडक्यासकट वाकला. गुरुजी सत्तरीचे, बुटके, भुवयांचे केस लांब. ते सरळ ओल्या प्रतीपाशी गेले आणि गुडघ्यांवर बसले. फडक्यातलं पाणी चटईवर टपटपत होतं.

"दिला शेवटी," ते म्हणाले. "तोकुबेईने चंद्र दिला."

गेन्साकुने फडकं पाठीमागे नेलं. शिगेने ते पाहिलं आणि तिला पुढचं कळलं. पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं खोटं तिला शब्दांच्या आधी ऐकू यायला लागलं होतं.

"आबांची शेवटची इच्छा, गुरुजी," गेन्साकु गंभीरपणे म्हणाला. "कुणाला सांगितलं नव्हतं. ठशातच लपवून ठेवला होता."

शुम्पेई छताकडे पाहू लागला. फुसाचे कान तांबडे झाले. गुरुजींनी बाहीने डोळे पुसले. दोनशे चित्रं पक्की झाली होती, घर वाचलं होतं, आणि शिगेने फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पण गुरुजी तोकुबेईंच्या तसबिरीपुढे हात जोडायला वळले, आणि ते आभार चुकीच्या माणसाकडे चाललेले तिला बघवेनात. वीस वर्षं तिने त्यांचे ब्रश धुतले होते. पुरे होतं.

"गुरुजी," ती म्हणाली, "तो चंद्र नाही. तो दगड आहे."

"शिगे!"

"मुळ्याच्या लोणच्यावरचा. ठसा मी फळी म्हणून ठेवला होता. मामंजींनी काही लपवलं नव्हतं. लपवलं ते मी, पाच दिवस."

गुरुजींनी प्रत उचलली आणि नाकाशी नेली.

"तरीच," ते म्हणाले. "दर नववर्षाला तू देवळात पाठवतेस तेच ना हे लोणचं?"

"हो."

"दगड कुठला?"

"तुमच्याच ओढ्यातला."

"बरं." त्यांनी प्रत खाली ठेवली. त्यांच्या भुवया हलत होत्या. हसू येतंय की रडू हे त्यांचं त्यांनाच ठरत नसावं. "बर्फ पडताना चंद्र दिसत नाही म्हणायचा तोकुबेई. अरे, बर्फ थांबला की ढग फाटतात, तेव्हा दिसतो. मी तिथे राहतो. पण याला थंडी वाजायची. बर्फ थांबेपर्यंत हा कधी थांबलाच नाही. आणि देवळासमोरचा तारेचा खांब चित्रातून काढला, तेव्हा ते खोटं नव्हतं वाटतं?" हे शेवटचं ते तसबिरीला म्हणाले. मग गेन्साकुकडे वळले. "ते मागे काय धरलंयस, टपकतंय ते?"

"फडकं," गेन्साकु म्हणाला.

"त्याने चटई पूस. दोनशे प्रती. चंद्रासकट. ठशाला कुणी हात लावायचा नाही, फक्त सूनबाईने."

गेन्साकुने चटई पुसली. पुसता पुसता तो एकदम थांबला.

"काय करायचं ते शिगेला कळेल," तो म्हणाला. मृत्युपत्रातलं ते वाक्य बारा वर्षं घरात होतं, पण त्याने ते मोठ्याने म्हटलं नव्हतं. फुसाने आणि शुम्पेईने शिगेकडे पाहिलं, जरा भीतीनेच.

शिगेही विचारात पडली. टोमणा म्हणून तिने ते वाक्य बारा वर्षं मुरवलं होतं.

"मला नव्हतं हो कळलं," ती म्हणाली. "दगडाला कळलं."

मग सूत्रपठण झालं. मग तोफू झाला, आणि गुरुजींनी दोनदा लोणचं मागून घेतलं. गेन्साकुने एकदाच घेतलं, पण सगळं खाल्लं. फुसाने उद्यापासून महिनाभर कागद ओलवायला यायचं ठरलं. तिने ठशाला हात लावायचं कुणी ठरवलं नाही, पण घासणी कुणाच्या मापाची घ्यायची यावर दादाशी तिचं भांडण सुरू झालं, म्हणजे ठरल्यासारखंच होतं.

शिगे भांडी उचलून पडवीत गेली. पिंप उघडंच होतं. झाकणावर दगड ठेवून बघितला तर तो डुगडुगला, बारा वर्षांपूर्वी डुगडुगला तसाच. ती हात पुसत परत आली. शुम्पेई हॅट घालून निघण्याच्या तयारीत होता. त्याचा फोटो भिंतीला टेकलेला होता. मोठा, चौकोनी, चांगल्या जाड पुठ्ठ्यावरचा. शिगेने आधी त्याची लांबी नजरेने मोजली, मग रुंदी.

"भाऊजी," ती म्हणाली, "हा पुठ्ठा मिठाच्या पाण्यात टिकतो का हो?"